पाठीचं माप

माझ्या दुकानात नट्या पाठमोऱ्या येतात. एखादी पोरगी मोबाइल पुढं करते, "काकू, असा गळा पायजे," म्हणते, आणि स्क्रीनवर एक पाठ असते. वर डोरी, डोरीला दोन लटकन, खाली पानाच्या आकाराची खिडकी, केस एका खांद्यावर ओढून घेतलेले. ही कोण वो, असं मी विचारते. पोरगी नाव सांगते, तिचं लग्न कोणाशी ठरलं होतं ते सांगते, का मोडलं ते सांगते, आता ती कोणासोबत मालदीवला गेली आहे तेही सांगते. तेवढ्यात माझं माप घेऊन होतं. छाती ३४, कंबर २८, बाही १०. अस्तर आणलं का विचारलं की पोरगी गप्प. नटीची सात पिढ्यांची माहिती पाठ असते, अस्तर तेवढं हमखास विसरलेलं असतं.

गेली २२ वर्षं मी शिलाई करते. गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, वैनगंगेच्या काठावर. नदी ओलांडली की वडसा, म्हणजे गडचिरोली जिल्हा. सगळा धानाचा मुलूख. रोवणीच्या दिवसांत दुकान बंदच असतं म्हणा ना, कारण गिऱ्हाइकंही बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, आणि मीही बांधीत. दिवाळीपासून पुढं मात्र मशीनला उसंत नसते. मंडई म्हणजे आमच्या गावोगावच्या जत्रा, लग्नं, नाटकं. जग कुठवर आलं हे मला पेपरापेक्षा गळ्यांवरून लवकर कळतं. मी शिकले तेव्हा गोल आणि चौकोनी असे दोनच गळे होते. घरोघरी डिशच्या छत्र्या लागल्या आणि पान गळा आला, मटका गळा आला, बोट नेक आला. मोबाइल आले तशी पाठीची खिडकी रुंद होत गेली. मधे एक हिवाळा असा गेला की सगळ्या नवऱ्यांना फुग्याच्या बाह्यांच्या ब्लाउजचं कापड जास्त का लागतं ते मीच समजावून सांगत होते.

आणि मला मतं आहेत. सिनेमा, मालिका, त्यांतली माणसं, त्यांची लग्नं, सगळ्यावर. सगळ्यांनाच असतात, पण माझी मतं गिऱ्हाइकाला ऐकावीच लागतात, कारण माप घेताना बाईला हलता येत नाही.

दुकानात सगळ्यात जास्त वाद झाले ते 'माझ्या नवऱ्याची बायको'वरून. २०१६ ला सुरू झाली ती २०२१ ला संपली. राधिका नागपूरकडची, मुंबईत नवरा दुसरीच्या नादी लागलेला, मग ही रडणं सोडून मसाल्याचा धंदा उभा करते. राधिका आपल्यासारखी बोलते म्हणून आमच्या बाया खूश. मी काही खूश नव्हते. अनिता दातेंनी काम जीव लावून केलं, त्यांच्याबद्दल बोलणं नाही. पण विदर्भाची म्हणून टीव्हीवर जी भाषा लिहितात ती बाजारातल्या तयार ब्लाउजसारखी असते. सगळ्यांना येते, कोणालाच बसत नाही. दोन ठिकाणी 'बाप्पा' पेरला, चार ठिकाणी 'काहून' पेरला, झाली विदर्भाची. अहो, वऱ्हाडात डोळ्याचा 'डोया' होतो, आमच्या झाडी बोलीत 'डोरा' होतो. नागपूरचं तिसरंच. आमच्याकडं बाईमाणूसही 'मी येतो, मी जातो' म्हणते. माझी पुण्याची भाची पहिल्यांदा हे ऐकून इतकी हसली होती की तिला ठसका लागला.

त्याच मालिकेत मधेच शनाया, म्हणजे ती दुसरी, बदलली. रसिका सुनील गेली, ईशा केसकर आली, पुढं पुन्हा रसिका आली. मला वाटलं होतं बाया चिडतील. कसलं काय, दोन दिवसांत सगळं सुरळीत. शिव्या तयार होत्या, त्याच नव्या चेहऱ्याला घातल्या, मापात सुताचाही फरक पडला नाही. सगळ्यात मोठ्या आवाजात शिव्या घालणारी माझी एक गिऱ्हाईक होती. तिच्या नवऱ्याचं शेजारच्या गावात काय चाललं आहे हे दुकानातल्या प्रत्येकीला माहीत होतं. तिलाही माहीत होतं, आणि आम्हाला माहीत आहे हेही माहीत होतं. त्या विषयावर तिच्याशी एक शब्द कोणी बोललं नाही. रोज संध्याकाळी ती यायची, फॉल-पिकोची साडी मांडीवर घ्यायची आणि शनायाला अशी झोडायची की मला मशीन थांबवावं लागायचं. मालिका संपली त्या आठवड्यात ती दोनदा येऊन नुसती बसून गेली. म्हणून कोणी टीव्ही पाहणाऱ्या बायांना रिकामटेकड्या म्हटलं की मी त्या माणसाची पँट उशिरा देते.

पडद्यावर आमच्याकडच्या माणसाला कामं दोनच. हसवायचं, नाहीतर गळफास घ्यायचा. हसवायला 'चला हवा येऊ द्या'मध्ये भारत गणेशपुरे होते. अमरावतीकडचे, त्यामुळं बोली त्यांच्या तोंडात उपरी वाटायची नाही, अगदी घरच्या विहिरीचं पाणी. गळफासाचा सिनेमा म्हणजे 'गाभ्रीचा पाऊस', २००९ चा. त्यात शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिला म्हणून बायको आपल्या नवऱ्यावर पाळत ठेवते, पोराला त्याच्या मागं मागं पाठवते, त्याला आवडीचं खाऊ घालते. सोनाली कुलकर्णीचं ते एकसारखं दाराकडं पाहणं मला अजून दिसतं. सिनेमा खराच आहे, मी नाही म्हणत नाही. पण विदर्भात कोणी नुसता जगतही असेल, धान विकून पोरीची फी भरत असेल, बायकोशी मिठावरून भांडत असेल, त्याच्यावर काही नाही. 'झुंड'मध्ये नागपूरची पोरं नागपूरचंच बोलली तेव्हा माझा मुलगा मोबाइलवर पाहता पाहता उठून बसला. एवढा मोठा अमिताभ बच्चन समोर, आणि हा त्या पोट्ट्यांकडं पाहून राहिला होता.

बायांच्या सिनेमांचं सांगते. २०२३ च्या जुलैत आमच्या बचत गटानं भाड्यानं क्रूझर केली आणि आम्ही ११ जणी नागपूरला 'बाईपण भारी देवा' पाहायला गेलो. अडीच-तीन तास जायला, तेवढेच यायला, उमरेडला आलुबोंडे. सिनेमात सहा बहिणी मंगळागौरीच्या खेळासाठी पुन्हा एकत्र येतात. आमच्या गावात मंगळागौर कोणी खेळत नाही, भुलाबाईची गाणी ठाऊक. पण रोहिणी हट्टंगडी आणि वंदना गुप्ते ज्या त्वेषानं एकमेकींशी अबोला धरतात, ते पाहून मागच्या सीटवरच्या दोघी सख्ख्या बहिणी, ज्या वाटणीपासून बोलत नव्हत्या, त्या रडल्या. वेगवेगळ्या रडल्या, परतताना बोलल्या मात्र नाहीत. सिनेमानं सगळी भांडणं एका खेळात मिटवली हे मला तेव्हाच खटकलं होतं. या दोघींनी माझं मत पक्कं केलं. साड्या मात्र झकास होत्या, दिवाळीला तसलेच काठ मागायला नऊ जणी आल्या.

'लापता लेडीज' आम्ही दुकानातच पाहिला, माझ्या मोबाइलवर. मशीनच्या टेबलाला मोबाइल टेकवलेला आणि सहा बाया डोकी जोडून. घुंगटामुळं गाडीत नवऱ्या बदलतात. फूल हरवते, तिला सासरच्या गावाचं नाव धड सांगता येत नाही, आणि नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही अशी शिकवण. पोरी हसत होत्या, इतकी कशी भोळी असते वो कोणी. माझ्या सासूबाई मागं बाजेवर बसून ऐकत होत्या. ७८ वर्षांच्या आहेत, चित्र दिसत नव्हतं, आवाज तेवढा. मला एकदम रेशन कार्डाचा दिवस आठवला. सासरे गेल्यावर त्यांचं नाव कमी करायला आम्ही दोघी गेलो होतो. तिथल्या बाबूनं विचारलं, मयताचं नाव? सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. ५० वर्षांचा संसार, आणि त्यांनी ते नाव उखाण्याशिवाय कधी उच्चारलं नव्हतं. उखाण्यात घ्यायला आता माणूस नव्हता. मीच सांगितलं. सिनेमाच्या शेवटी फूल स्टेशनवर नवऱ्याला नावानं हाक मारते. पोरींनी टाळ्या वाजवल्या. सासूबाई म्हणाल्या, "नाव घेतलं वाटते तिनं," आणि उठून आत गेल्या.

आता एक गोष्ट सांगायची आहे, ती मला फारशी सांगावीशी वाटत नाही.

२०२० च्या ऑगस्टचे शेवटचे दिवस. पाऊस आमच्याकडं नव्हे, वर मध्यप्रदेशात पडला. तिथल्या संजय सरोवर धरणातून पाणी सुटलं, खाली गोसेखुर्द धरणाचे सगळे ३३ दरवाजे उघडले आणि वैनगंगा पात्र सोडून निघाली. आम्ही टीव्ही लावून बसलो होतो, पाणी किती येणार एवढं कळावं म्हणून. टीव्हीवर एक गाडी होती. गाडीमागं मोटरसायकली, मोटरसायकलींवर कॅमेरे. जूनमध्ये सुशांतसिंह राजपूत गेला होता, आणि नेमकी त्याच दिवसांत त्याच्या मैत्रिणीची, रिया चक्रवर्तीची सीबीआय चौकशी चालू होती. या चॅनलवर गाडी, त्या चॅनलवर तीच गाडी दुसऱ्या बाजूनं. आमची नदी कुठंच नव्हती. मग लाइट गेली, आणि ग्रामपंचायतीच्या शिपायानं दारोदार येऊन सांगितलं, निघा.

मी काय काय उचललं? मशीन खाटेवर चढवली, खाटेखाली विटा लावल्या. आणि गिऱ्हाइकांच्या कपड्यांचं गाठोडं बांधलं, ६२ ब्लाउज, काही शिवलेले, काही नुसते कापलेले. कापलेलं कापड फार वाईट. ते कोणाला परतही देता येत नाही आणि बाजारात पुन्हा तसलं मिळत नाही. ते गाठोडं डोक्यावर घेऊन मी शाळेच्या गच्चीवर गेले. आमच्या यांनी बैल सोडले, तांदळाचं पोतं खांद्यावर टाकलं, त्यात अर्धं भिजलं.

गच्चीवर आम्ही १४ बाया आणि लेकरं. माणसं काठ्या घेऊन जिन्यावर, साप येत होते म्हणून. चारी बाजूंनी पाणी, त्यात बांध्या कुठल्या आणि नदी कुठली काही कळेना. रोवून महिना झालेला धान खाली गेलेला. अंधार पडला. आणि त्या अंधारात आम्ही कशाबद्दल बोललो? रियाबद्दल. तिनं केलं की नाही, तिच्या भावाचं काय, पैसे कुठं गेले. एक म्हणाली, "बिचारी असन वो." आणि मी, पायाखाली माझं घर बुडत असताना, मोठ्या ठसक्यात म्हटलं, "तिचे डोरे पाय ना. तिनंच केलं." मला ते वाक्य जसंच्या तसं आठवतं. डोळे! त्या बाईला मी टीव्हीवर पाहिलं होतं ते मास्क लावलेलं, गर्दीत, खाली मान घातलेलं.

त्या रात्री दुसरं काही बोलता आलं नसतं, हे मला ठाऊक आहे. धानाबद्दल कोण बोलणार? सुरुवात केली असती तर रडू आलं असतं, आणि लेकरं पाहत होती. पण कोणीतरी आमच्या त्या रात्रीचं पायपुसणं झालं, आणि तिला त्याचा पत्ताही नाही.

पाणी उतरायला दोन दिवस लागले. भिंतीवर कमरेइतकी चिखलाची रेघ, मशीनच्या शटलमध्ये गाळ, धानाच्या कुजण्याचा आंबूस वास. ६२ पैकी एकही ब्लाउज गेला नाही, हे मी अजून सांगत असते. ८ सप्टेंबरला रियाला अटक झाली, ऑक्टोबरात हायकोर्टानं जामीन दिला. पुढं २०२५ च्या मार्चमध्ये सीबीआयनं प्रकरण बंद करायचा अहवाल कोर्टात दिला. बातमी लहानशी होती. मी काज करत होते, मोबाइलवर खालून वर सरकता सरकता दिसली. गच्चीवरची एक जण समोरच बसली होती, तिला म्हटलं, ऐकलं का, रियाचं प्रकरण मिटलं. ती म्हणाली, "कोनती रिया?"

त्याच वर्षी नोव्हेंबरात धर्मेंद्र दोनदा गेले. ११ तारखेला मोबाइलवर गेले. दुकानात हळहळ झाली, एकीनं फुलांच्या हाराचं स्टेटस ठेवलं. थोड्या वेळानं घरच्यांनी कळवलं, जिवंत आहेत, असं काय करता. स्टेटस काढलं. २४ तारखेला ते खरंच गेले तेव्हा तीच बाई मला विचारते, "काकू, आता ठेवू का? का थांबू उद्यापर्यंत?" आमचे हे त्या दिवशी जेवले नाहीत. 'शोले' त्यांनी किती वेळा पाहिला याचा हिशोब नाही. त्यांचं म्हणणं, अमिताभ मोठा नट असेल, पण शेजारी राहायला यावा तर धर्मेंद्र.

'शोले'वरून आठवलं. आमच्याकडचे खरे स्टार म्हणजे वाघ. उमरेड-कऱ्हांडल्याला एक होता, त्याचं नाव 'शोले'तल्या जयवरून जय. त्याला पाहायला कुठून कुठून माणसं यायची. २०१६ च्या एप्रिलनंतर तो कोणाला दिसलाच नाही, आणि त्याच्याबद्दल जेवढ्या वावड्या उठल्या तेवढ्या कोण्या हिरोच्या नसतील उठल्या. ताडोब्यातली माया वाघीण. ती कोणासोबत फिरते, आधीच्याला का सोडलं, पिल्लं कोणाची, हे नागपूरचे लोक आपल्या मामेबहिणीच्या संसारावर बोलावं तसं बोलायचे. ती गेल्यावर फेसबुकवर कविता आल्या. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघानं मारल्या. त्यांच्यावर मी कविता पाहिली नाही. माझी आई तेंदूपत्त्याला जायची, मीही दोन हंगाम गेले आहे. म्हणून 'शेरनी' मी जरा संशयानंच लावला होता. यवतमाळकडच्या अवनी वाघिणीची आठवण यावी असा तो सिनेमा, दाखवलेलं जंगल मध्यप्रदेशातलं. पण विद्या बालन त्यात ओरडत नाही, भाषण देत नाही, थकून चालते, आणि जंगल नुसतं हिरवं नसून धूळ खाल्लेलं आहे. ते मला पटलं. मला न पटलेलं एवढंच, की गावातल्या बाया त्यात घोळक्यानं दिसतात. एकटीची गोष्ट हवी होती.

हे सगळं पडद्यावरचं झालं. आमच्याकडं पडद्याशिवायही एक दुनिया आहे.

दिवाळी झाली की वडसा जागा होतो. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या या धानाच्या मुलखाच्या, नाटक कंपन्यांची कचेरी तिथं. गावोगावची मंडळं जाऊन तारीख धरतात. मंडई असो, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत असो, रात्री नाटक पाहिजेच. दहा-साडेदहाला सुरू होतं आणि उजाडता उजाडता संपतं. तंबूत खाली तणस, वर चादर, चादरीवर लेकरं झोपलेली, आणि बाया पदरानं डोळे पुसत जाग्या. पाव्हणे आधीच येऊन बसतात, घरात तीस-तीस माणसांचा स्वयंपाक. नाटकांच्या नावात कुंकू, सौभाग्य, आक्रोश, नाहीतर रक्त असतंच. शहरातले लोक याला भडक म्हणतात. असेल. रात्री तीन वाजता, जानेवारीच्या थंडीत, हजार माणसं जागी ठेवायची तर हळू बोलून चालत नाही.

यातले नट आम्हाला माहीत असतात. परशुराम खुणे यांना २०२३ ला पद्मश्री मिळाली तेव्हा टीव्हीवाल्यांना हे कोण ते शोधावं लागलं. आमच्या सासूबाईंनी त्यांची कामं पाहिलेली. खलनायकाचं काम करणारा माणूस वडशाच्या बाजारात वांगी निवडताना भेटतो. नाटकात रात्री ज्याला शिव्या दिल्या त्याला सकाळी टपरीवर "चहा घ्या जी" म्हणावं लागतं. त्यांच्याबद्दलही बोललं जातं, नाही कशाला म्हणू. कोणती नायिका कोणत्या कंपनीतून कोणामुळं निघाली, कोणी कोणाला बंगला बांधून दिला. पण ते बोलताना आवाज आपोआप खाली येतो, कारण ऐकणारीची नणंद त्याच नटाच्या गावात दिलेली असते. मुंबईच्या नटीबद्दल बोलताना आवाज खाली आणायचं काही कारणच नसतं.

अलीकडं मंडळं पोस्टरवर मुंबईचं एखादं नाव मागतात. अमुक मालिका फेम, तमुक सिनेमा फेम, आणि मोठ्या अक्षरांत 'सिनेस्टार'. दोन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या नाटकाला अशीच एक आली. नाव सांगत नाही. मालिकेत मोठी सून होती, हे सांगितलं तरी पुरे, कारण त्या सगळ्याच कोणाच्या ना कोणाच्या मोठ्या सुना असतात. आठवडाभर दुकानात तिच्याशिवाय विषय नव्हता. मोबाइलवर बातमी फिरत होती की तिनं नवऱ्याला सोडलं. कोणी म्हणे त्यानंच सोडलं. मी माझं मत दिलं होतंच.

रात्री पावणेअकराला मंडळाचा एक पोरगा मोटरसायकल घेऊन दारात. "काकू, सुई-दोरा घ्या आन् चाला लवकर. हुक तुटले तिचे."

शाळेच्या वर्गात मेकअपची सोय केली होती. भिंतीवर बाराखडीचा तक्ता, बाकावर पावडर, कंगवे, आलुबोंड्याची अर्धी पुडी. ती फळ्याकडं तोंड करून उभी होती, अंगावर शाल. शाल काढली आणि माझ्यासमोर पाठ. तीच पाठ, मोबाइलवरची. फक्त तिच्यावर डासांचे चट्टे होते आणि थंडीनं काटा आला होता. आदल्या रात्री पलीकडं कुठंतरी प्रयोग झाला होता, झोप जीपमध्येच.

हुक तुटले नव्हते, पट्टीच उसवली होती. ब्लाउज उलटा करून पाहिला आणि माझ्या लक्षात आलं. शिवण दोनदा सोडलेली होती. जुन्या टाक्यांची भोकं ओळीनं दिसत होती, आधी इथं, मग त्याच्या बाहेर तिथं. आता सोडायला पाव इंचही कापड उरलं नव्हतं. चांगल्या हातानं शिवलेला, महाग ब्लाउज होता, बारीक असताना शिवलेला. नवा शिवायला काही फार लागत नाही, पण तो शिवला नव्हता. मी २२ वर्षं हे काम करते. बाई काय सांगते त्यापेक्षा शिवण जास्त सांगते. मी काही बोलले नाही. माझ्या पिशवीत लाल कापडाचा तुकडा होता, जरासा गडद, पण दिव्यात कळणार नव्हता. दोन बोटं रुंद जोड दिला, पट्टी नव्यानं बसवली, हुक दुहेरी दोऱ्यानं टाकले. ती तेवढा वेळ एकदाही हलली नाही. आमच्या पोरी इतक्या सरळ उभ्या राहत नाहीत.

झाल्यावर ती वळली आणि हळूच म्हणाली, "ताई, इथं जवळ बाथरूम कुठं आहे?"

शाळेच्या बाथरूमला कुलूप होतं. मी तिला घरी नेलं, दोन मिनिटांवर तर आहे. तोंडावर पूर्ण मेकअप, कपाळावर मोठं कुंकू, अंगावर माझी स्वेटर. परतताना ओसरीवर सासूबाई जाग्या होत्या. त्यांनी कंदिलासारखा मोबाइलचा उजेड वर धरला, तिच्याकडं नीट पाहिलं आणि विचारलं, "कोनाची लेक होय वो तू?"

ती एक क्षण थांबली. मग तिनं वडिलांचं नाव सांगितलं. पूर्ण नाव, आडनावासकट, आणि गावही. पोस्टरवर वेगळंच होतं.

"जेवली का?"

"नाटक झाल्यावर जेवते, आजी."

"पाहाटंवरी उपाशी?" सासूबाईंनी मला भात वाढायला लावला. तिनं उभ्या उभ्या चार घास खाल्ले, लिपस्टिक पुसू नये म्हणून तोंड मोठं उघडून, लेकरासारखं. तिकडून भोंग्यावर तिचं नाव पुकारायला लागले तशी ती पळाली. स्वेटर तशीच गेली, ती सकाळी त्या पोरानं आणून दिली.

नाटक काय होतं, मला विचारू नका. मी तिसऱ्या रांगेत बसले होते आणि रात्रभर तिची पाठ पाहत होते. एका प्रवेशात नवरा तिला ढकलून देतो, ती खाली पडते आणि दोन्ही हात वर करून देवीला साकडं घालते. हात वर गेले की पाठीवर सगळा ताण येतो. बाया हुंदके देत होत्या. मी श्वास धरून जोड पाहत होते. टिकला.

सकाळी दुकान उघडलं तर आधीच चार जणी पायरीवर. रात्रभराचं जागरण, डोळे लाल, तरी आलेल्या. एकीचं माप घ्यायचं राहिलं होतं. मी टेप गळ्यातून काढली.

"सांगा ना वो काकू, तुमच्या घरी आली होती म्हणे. काय म्हणे? खरंच सोडलं का तिनं नवऱ्याले?"

"सरळ उभी राहा," मी म्हटलं, "आणि हात वर कर."